यादीबाहेरची भाषा

"अकरा," फरहीन म्हणाली.

"शंभरातले?" डोक्यावरचा टोप न काढताच वैजंता भोयेने विचारलं.

"शंभरातलेच. पास व्हायला सत्तर लागतात, ताई. अकरा तर माझ्या मांजरीलाही पडतील."

वैजंता हसली. तिला वाटलं, यंत्रच बिघडलंय. बाईचा स्वभावच तसा. पाय घसरला तर आधी जमिनीत खोट काढायची, मग चपलेत, आणि स्वतःकडे बघायची वेळ आलीच तर सगळ्यात शेवटी. "एखादी तार सैल असेल, बघ नीट," ती म्हणाली. "अगं, तेरा वर्षांची होते तेव्हापासून स्पॅनिश बोलतेय मी!"

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या फरहीन शेखने तारा तपासल्या, टोप पुसून पुन्हा चढवला आणि चाचणी पहिल्यापासून घेतली. या खेपेला नऊ आले.

आता इथे थोडं मागे जायला हवं. आजकाल परकी भाषा शिकतं कोण? वाटाण्याएवढा दुभाषी कानात घातला की जपानी माणूस मराठीत बोलायला लागतो. लग्नं जमतात, सौदे होतात, भांडणंसुद्धा होतात. पण नाशिकच्या गोदावरी कृषी विद्यापीठाने एक जुना हट्ट सोडला नव्हता. संशोधनाला जागा हवी असेल तर एक परदेशी भाषा कानात नव्हे, डोक्यात असली पाहिजे. त्याला कारणही होतं. कानातल्या दुभाष्याने एकदा औषधाची मात्रा दहापट सांगितली होती आणि एका विद्यार्थ्याने अर्धा एकर बाग जाळून ठेवली होती. तेव्हापासून नियम पक्का झाला. एक तर वर्षभर भाषेच्या तासांना बसा, नाहीतर भाषा येते हे रुजमापकावर सिद्ध करा आणि तासांतून सूट घ्या.

रुजमापकाची गंमत अशी की तो प्रश्न विचारतच नाही, नुसती वाक्यं ऐकवतो. समजा, कोणी म्हटलं, "मी भाताबरोबर वरण खाल्लं," तर आपला मेंदू मान डोलावून पुढे जातो. तेच "मी भाताबरोबर विटा खाल्ल्या" म्हटलं, की 'विटा' कानावर पडल्यापासून साधारण चारशे मिलिसेकंदांत मेंदूत विजेची एक लाट उसळते. सेकंदाचा अर्धाही भाग नाही! माणसाला हसू यायच्या आत मेंदू दचकलेला असतो. ही लाट कोणाला मुद्दाम आणता येत नाही आणि थोपवताही येत नाही. भाषा येत नसेल, तर वरण काय नि विटा काय, मेंदू ढिम्म. टोपातले चौसष्ट पट्टे ही लाट टिपतात, ती भाषा जन्मापासून बोलणाऱ्या माणसांच्या लाटांशी ताडून बघतात आणि भाषा किती रुजली त्याचा आकडा देतात. घोकंपट्टी करून आलेले पहिल्या पाच मिनिटांत उघडे पडतात.

वैजंताला याची भीती नव्हती. उलट ती मिरवत आली होती. द्राक्षवेलींच्या मुळांना लागणाऱ्या बुरशीवर संशोधन करायला विद्यापीठात एकच जागा होती आणि निवड यादीत पहिलं नाव तिचं होतं. सहा वर्षं पॅकहाऊसमध्ये उभ्याने नोकरी करून, रविवारी अभ्यास करून तिने ते नाव तिथे लावलं होतं. वर्षभराच्या तासांसाठी ही जागा थांबणार नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत सूट मिळाल्याचा दाखला जोडला नाही, तर ती दुसऱ्या नंबरला जाणार होती. आणि आज सोमवार.

"मी खोटं बोलत नाही गं," ती फरहीनला म्हणाली. आवाज आता जरा चढला होता. "थांब, तुला ऐकवतेच. ही माझी एली मावशी. चिलीची. हिनेच मला शिकवलं." तिने फोनवरचा कालचा निरोप मोठ्याने लावला. खोलीत एका म्हातारीचा खरखरीत, मिश्कील आवाज घुमला. वैजंता ऐकता ऐकता खुदकन हसली. "यंदा इतकी थंडी पडलीय म्हणते, की कोंबड्यांना मोजे विणायला घेतलेत."

फरहीन मात्र हसली नाही. टोप अजून वैजंताच्या डोक्यावर होता, आणि 'मोज्यां'पाशी पडद्यावर एक लाट अशी उसळली होती की रेघ चौकटीबाहेर जायची बाकी होती.

"ताई, तुम्हाला हे शंभर टक्के कळतंय," ती सावकाश म्हणाली. "पण ही स्पॅनिश नाही."

आवाजावरून भाषा ओळखणाऱ्या संगणकाला दहा मिनिटं लागली. उत्तर आलं: मापुदुंगुन. दक्षिण चिलीतल्या मापुचे लोकांची भाषा, स्पॅनिश लोक समुद्र ओलांडून यायच्या कितीतरी आधीपासूनची.

वैजंताने टोप काढून टेबलावर ठेवला.

तुम्ही म्हणाल, सोळा वर्षं एखादी भाषा बोलायची आणि ती कुठली हेच ठाऊक नसायचं? एवढी बावळट आहे का ही बाई? मुळीच नाही. ती सुरगाण्याकडची कोकणा आदिवासी. आई-बाप दर हंगामाला टोळीबरोबर निफाडला द्राक्षाच्या कामाला यायचे. छाटणी, विरळणी, घड औषधात बुडवणं, सगळी कामं तिने केलेली. ती तेरा वर्षांची असताना बागमालकाने वेली वळवायची नवी पद्धत शिकवायला चिलीहून पाच माणसं आणली. त्यांत एकच बाई होती, एलियाना पाइनेमाल. मालकाशी बोलताना ती कानात दुभाषी घालायची. संध्याकाळी टोळीच्या झोपड्यांपाशी येऊन बसायची तेव्हा काढून ठेवायची. वैजूने भाकरी पुढे केली की एली मावशी म्हणायची "कोफके", पाणी दिलं की "को". पोरीने सहा महिन्यांत सगळं उचललं. तीन वर्षांनी मावशी परत गेली, तोवर दोघी भांडायला लागल्या होत्या त्या भाषेत. चिलीची बाई म्हणजे स्पॅनिश बोलणार, हे बागेतल्या शंभर माणसांनी धरूनच चाललेलं होतं.

पुढे वैजंताने स्पॅनिश सिनेमे लावून बघितले, त्यातलं अक्षर कळेना. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. तिच्या मुलखात घाट ओलांडला की बोली बदलते. घरची बोली वेगळी, शाळेतलं पुस्तकी मराठी वेगळं. तिने मनाशी ठरवून टाकलं, सिनेमातली ती शहरातली स्पॅनिश, आपली ती खेड्यातली. कानातला दुभाषी मावशीच्या निरोपांपुढे "भाषा ओळखता आली नाही" म्हणायचा. पण तो वैजंताच्या आईच्या बोलण्यापुढेही नेमकं तेच म्हणायचा. मग शंका यायची कशाला?

संध्याकाळचे पाच म्हणजे तेमुको शहरात सकाळचे साडेसात. वैजंताने प्रयोगशाळेच्या ओट्यावर बसून व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे मावशी चुलीपाशी लोकरीची शाल पांघरून बसलेली.

"मावशी, तू मला फसवलंस?" तिने नमस्कार-चमत्कार न करता विचारलं.

सगळं ऐकून मावशी आधी पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "मी कधी म्हटलं गं, ही स्पॅनिश आहे म्हणून? तूच म्हणायचीस! मला वाटायचं, तुमच्याकडे परक्या भाषेला स्पॅनिशच म्हणत असतील."

"अगं पण मलाच का शिकवलीस?"

मावशीचं हसू मावळलं. चुलीतलं लाकूड उगाच आत सारत ती म्हणाली, "आईच्या पाठीमागे ही भाषा बोलायला मला कोणी उरलं नव्हतं. आणि तुमच्या त्या बागेत मला कोणी ओळखत नव्हतं, पोरी. तिथे ही बोलले म्हणून कोणी मारणार नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजंता भाषा समितीचे अध्यक्ष डॉ. मुकुंद इनामदार यांच्या दारात हजर. इनामदार सर नियमाला पक्के माणूस. चहासुद्धा चार वाजता म्हणजे चारला. त्यांनी फरहीनचा अहवाल दोनदा वाचला.

"आपल्या यादीत बेचाळीस भाषा आहेत," ते म्हणाले. "त्यात ही नाही. आणि मॅडम, राग मानू नका, पण ही एका जमातीची बोली दिसते. विद्यापीठाची परदेशी भाषा म्हणून..."

"सर, बोली कुठे संपते आणि भाषा कुठे सुरू होते, ते मला विचारा," वैजंता म्हणाली. "पहिलीत असताना मी घरच्या बोलीत पाणी मागितलं, तर वर्ग हसला होता. त्या दिवशी बापाने सांगितलं, ही इथेच ठेवून शाळेत जायचं. सगळी हयात मला एकच ऐकवलंय लोकांनी, तुझं ते बोली, आमची ती भाषा. आता तुम्ही नको." मग पिशवीतून नियमांचं पुस्तक काढून तिने टेबलावर उघडं ठेवलं. "कलम सात. 'परदेशात बोलली जाणारी कोणतीही जिवंत भाषा.' यादी सोयीसाठी जोडलीय, असं खाली तुमच्याच समितीने लिहिलंय. सही तुमचीच आहे, सर."

इनामदारांनी चष्मा काढला, पुसला, घातला. कलम पुन्हा वाचलं. नियमाला पक्क्या माणसाचा एक फायदा असतो, नियम त्याच्या अंगावर आला तरी तो पळत नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण आकडा लागेल. रुजमापकाला या भाषेतली ताडून बघायला लाट हवी. जन्मापासून बोलणारं माणूस अशाच टोपाखाली बसवा, तीच वाक्यं त्याला ऐकवा. शुक्रवारी सहाच्या आत. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

फरहीनने दिवसभर फोन करून माहिती काढली. तेमुकोतल्या एका इस्पितळात असंच यंत्र होतं. पक्षाघाताच्या रुग्णांची वाचा किती शाबूत आहे ते बघायला वापरायचे. मापुदुंगुनमधल्या वाक्यांचा संचही तयार होता, धूळ खात पडलेला. ताडून बघायला लाट द्यावी म्हणून कोणी बसलंच नव्हतं. जन्मभाषा कोणती, या रकान्यात तिथे येणारे सगळे स्पॅनिश असंच लिहीत.

"सोपंय मग!" वैजंता टाळी वाजवून म्हणाली. "मावशी जाईल, अर्धा तास बसेल, झालं."

पण बुधवारी मावशी साफ नाही म्हणाली.

"इस्पितळात मला करिनाच नेणार ना," ती खालच्या आवाजात म्हणाली. करिना तिची लेक, पस्तिशीची, दातांच्या दवाखान्यात कामाला. "करिनाला मी सांगितलंय, मला ही भाषा येत नाही. लहानपणी ती शंभरदा विचारायची, आई, तुला येते का गं आपली भाषा? मी म्हणायचे, नाही बाई, तुझ्या आजीबरोबर गेली ती. आता कुठल्या तोंडाने जाऊ? आणि ऐकेल तर काय म्हणेल? स्वतःच्या लेकीला नाही दिली आणि परमुलखातल्या पोरीला शिकवून आली!"

वैजंताला वाईट वाटलं. पण ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "मावशी, लेकीशी खोटं बोलून ही भाषा तू माझ्याकडे लपवून ठेवलीस. मी विचारलं नव्हतं, मागितलं नव्हतं. आता माझ्या डोक्यात ती आहे, ती खरी आहे, आणि सगळे म्हणतायत अशी भाषाच नाही यादीत. माझी जागा जाईल ते सोड. तू नाही आलीस तर तू आणि मी सोळा वर्षं नुसती बडबड केली असं ठरेल. चालेल तुला?"

पडदा काळा झाला.

"जरा जास्तच बोललात, ताई," फरहीन म्हणाली.

"बोलले खरी," वैजंता म्हणाली. त्या संध्याकाळी तिला भाकरीचा घास गोड लागला नाही. आपण म्हातारीच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं, आणि तेही स्वतःच्या जागेसाठी, हे तिला कळत होतं. गुरुवारी सकाळी तिने निरोप पाठवला: नको येऊस मावशी, माझं मी बघते. दुपार गेली, संध्याकाळ झाली. दुसऱ्या नंबरच्या मुलाचं अभिनंदन कोणत्या शब्दांत करायचं, याची तिने मनात तयारीसुद्धा केली.

रात्रीच्या जेवणाआधी मावशीचं उत्तर आलं. तिथे सकाळ होती. "उद्या येते. पण एक अट आहे. करिनाला जे सांगायचं ते मला स्पॅनिशमध्ये सांगता येणार नाही, जीभच वळणार नाही. मी आपल्या भाषेत बोलेन. तू तिला सांगायचंस."

शुक्रवारी संध्याकाळी प्रयोगशाळेत इनामदार सर साक्षीला येऊन बसले, घड्याळ समोर ठेवून. मोठ्या पडद्यावर तेमुकोचं इस्पितळ दिसत होतं. मावशीची मोजणी नुकतीच झाली होती, टोपामुळे तिचे पांढरे केस विस्कटलेले. शेजारी करिना हाताची घडी घालून उभी. तिच्या आईच्या लाटा एकाही वाक्यावर चुकल्या नाहीत, हे तिथल्या तंत्रज्ञाने तिच्यासमोरच सांगितलं होतं. तेव्हापासून तिने आईकडे बघितलेलं नव्हतं.

फरहीनने तीच वाक्यं वैजंताला ऐकवायला सुरुवात केली. वीस मिनिटं खोलीत कोणी हललं नाही. एका वाक्यात म्हातारा गाईचं दूध काढत होता, पुढच्यात दगडाचं. एकात आई पोराला झोपवत होती. पुढच्यात भाजायला तव्यावर टाकत होती, आणि वैजंता टोपासकट शहारली. लाटा पडद्यावर उसळत राहिल्या.

"शहाऐंशी!" फरहीन ओरडलीच.

इनामदारांनी दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून नीट बघितले. मग खिशातून पेन काढलं, दाखल्यावर 'मापुदुंगुन' हा शब्द फरहीनकडून अक्षर अक्षर विचारून लिहिला आणि खाली सही केली. सहाला तेरा मिनिटं होती. "अभिनंदन, मॅडम," ते उभे राहत म्हणाले. "यादीत त्रेचाळिसावी भाषा घालायचा ठराव मी सोमवारी मांडतो."

वैजंताने दाखला घेतला. वाटलं होतं तेवढं नाचावंसं वाटेना. पडद्यावर मावशी तिच्याकडेच बघत होती.

"आता तुझं काम," मावशी म्हणाली.

वैजंताने मराठीत बोलायचं आणि करिनाच्या कानातल्या दुभाष्याने त्याची स्पॅनिश करायची, असं ठरलं होतं. करिनाने पहिल्यांदा तोंड उघडलं. तिचा प्रश्न वैजंताच्या कानात मराठी होऊन उतरला. "तिला विचारा, मला का नाही शिकवली?"

विचारायची गरज नव्हती, मावशीला स्पॅनिश येतच होती. ती मांडीवरच्या हातांकडे बघत बोलू लागली, आणि वैजंता तिच्यामागून वाक्य वाक्य सांगू लागली.

"ती म्हणते, मी सात वर्षांची होते. शाळेत शेजारच्या मुलीकडे आपल्या भाषेत पेन्सिल मागितली. बाईंनी मला मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून उभं केलं. तास संपेपर्यंत. असं पुष्कळदा झालं." इनामदार निघाले होते, ते दारातच थांबले. "ती म्हणते, तू झालीस तेव्हा तुझे गुडघे बघितले. एवढे एवढेसे. तेव्हाच ठरवलं. भाषा दिलीच नाही, तर मारायला त्यांच्या हाती काही लागणार नाही."

करिनाने हाताची घडी सोडली.

"ती म्हणते," वैजंताला आता डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, दाखला दोन्ही हातांनी धरलेला होता, "ती म्हणते, वैजूला शिकवताना प्रत्येक शब्द आधी तुझ्या नावाने म्हणायचे. मनात. मग तिला सांगायचे. तुझ्या वाटणीचंच दिलं गं तिला, मला माफ कर."

करिना खाली बसली, आईच्या खुर्चीपाशी, फरशीवरच. तिने कानातला दुभाषी काढला आणि खिशात टाकला. काहीतरी विचारलं, स्पॅनिशमध्ये. वैजंताने सवयीने कानाला हात लावला, पण मग स्वतःचाही दुभाषी बंद केला.

मावशीने लेकीची हनुवटी धरली आणि एक छोटं वाक्य म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. वैजंताने भाषांतर करायला तोंड उघडलं. तेवढ्यात करिना ते वाक्य आईच्या तोंडाकडे बघत अडखळत म्हणायला लागली. उच्चार अगदीच वाईट होते. मावशीने मान हलवली, पुन्हा म्हटलं. करिनाने पुन्हा म्हटलं. वैजंताने उघडलेलं तोंड मिटलं.

"काय म्हणतायत त्या?" इनामदार सरांनी दारातून हळूच विचारलं.

"ते आपल्यासाठी नाही, सर," वैजंता म्हणाली. "तिथे पहिला तास सुरू झालाय."